टाळ्या वाजवणारा गाववाला

"सिद्धेश, चाव्यांचा डबा सांडलास तर तुझी वाट लागली समज!"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? तूच आधी केस विंचर. रघुनंदन घाबरेल ना तुला बघून!"

श्रुतिकाने धाकट्या भावाला टपली मारली, पण खरा राग आज तिला येणंच शक्य नव्हतं. भांडुपची त्यांची अख्खी इमारत गोरेगावच्या स्टुडिओत 'फरार रघुनंदन'चं शूटिंग बघायला निघाली होती! रघुनंदन म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतला पळून गेलेला अफाट हुशार शास्त्रज्ञ. पाठलाग करणाऱ्यांना चुकवत तो दर भागात नवं नाव घ्यायचा. कधी डॉक्टर, कधी वैमानिक, तर कधी लग्नातला आचारी. श्रुतिकाला त्याचे सगळे भाग तोंडपाठ होते.

हे सगळं जुळवून आणलं होतं दत्तारामकाकांनी. मागच्या आठवड्यात ते आले, मालिकेचा पुढचा भाग तुमच्याच इमारतीत करायचाय म्हणाले आणि वर "मी देवगडचा" असंही सांगितलं. झालं, जवळजवळ अख्खी इमारत तिकडचीच, सगळे विरघळले! गाववाला म्हटल्यावर ओळखपत्र कोण मागतो? तुम्ही शूटिंग बघून या, तोवर आमची माणसं घरं सजवतील, असं ते म्हणाले आणि मोठ्या माणसांनी मुकाट्याने चाव्या काढून दिल्या. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊकाका एरवी मुलांच्या चेंडूचीही चौकशी करतात, पण चाव्यांसाठी बिस्किटांचा डबा त्यांनीच दिला.

बस फाटकात उभी राहिली. श्रुतिकाचे आजोबा, सीतारामआजोबा, नारळ घेऊन पुढे आले. गाऱ्हाण्याशिवाय या इमारतीतलं कुठलंच काम सुरू होत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी ओ द्यायची.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां शूटिंगाक चललीत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"तेंका सुखरूप ने नि सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

श्रुतिकाचा मित्र सम्यक अकोल्याकडचा. त्यांच्या घरी गाऱ्हाणं नसतं, पण याच इमारतीत वाढल्यामुळे तोही सगळ्यांच्या बरोबरीने ओरडला. दत्तारामकाका मात्र दोन्ही वेळा गप्प होते. आजोबांनी नारळ फोडला आणि काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

"वा, वा! मस्त कार्यक्रम!"

श्रुतिकाने डोळे बारीक केले. "पाहिलंस?" ती सम्यकच्या कानाशी कुजबुजली. "ओ दिली नाही!"

"देवगडचा माणूस आणि ओ नाही? यार, काहीतरी लोच्या आहे!"

रघुनंदन आचारी झाला होता तेव्हा आधी अख्खा दिवस कोपऱ्यात बसून खऱ्या आचाऱ्यांच्या सवयी शिकला होता, हे श्रुतिकाला आठवलं. या माणसाने फक्त नाव घेतलं होतं. आणि वर घरात, कपाटात, कमलआजीची सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती! याच महिन्यात लग्नात ती श्रुतिकाच्या मोठ्या बहिणीच्या, निधीताईच्या गळ्यात पडायची होती. आजीने कितीही अडचण आली तरी ती कधी मोडली नव्हती.

"बाबा, त्यांनी ओ नाही दिली!"

"लाजला असेल गं. चल, बसमध्ये बस!" बाबा घाईत होते.

निधीताईने मात्र ऐकून घेतलं. "मी बसमध्ये जाते," ती हळूच म्हणाली. "तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर सांभाळून घेते. तुम्ही लपून राहा. काही दिसलं की लगेच फोन कर. आणि हीरोगिरी नको!"

गेल्या वर्षी सगळ्यांनी दारांची कुलपं बदलली होती. भाऊकाका काहीच टाकून देत नाहीत, त्यामुळे जुन्या चाव्या सोसायटीच्या ऑफिसात तशाच पडून होत्या. सम्यकने त्या डब्यात ओतल्या, खऱ्या चाव्या सिद्धेशच्या क्रिकेटच्या बॅगेत गेल्या आणि तोच डबा सिद्धेशने हसत हसत काकांच्या हातात ठेवला.

बस गेली. तिघंही पाण्याच्या पंपाच्या खोलीत दडली. थोड्याच वेळात रिकाम्या पिशव्या घेतलेले दोघे आले आणि काकांबरोबर जिना चढले. मुलांनी जिन्याची सरकती जाळी ओढली आणि तिला सिद्धेशच्या सायकलची साखळी घातली. खट्!

सम्यक नाक्यावरच्या पोलीस चौकीकडे धावत सुटला. श्रुतिकाने ताईला फोन लावला. बस पवईपर्यंत पोहोचली होती.

वरून आवाज आला, "एक भी चाबी नहीं लगती!" मग धाडकन ठोके पडायला लागले. पहिल्या मजल्यावर! म्हणजे त्यांच्याच दारावर! श्रुतिकाला रडू फुटायला आलं. दार तुटलं तर माळ गेली!

"काका!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "खऱ्या चाव्या माझ्याकडे आहेत!"

ठोके थांबले. तिघेही धडाधड खाली आले. जाळीपलीकडून दत्ताराम गोड हसला. "बाळा, घाबरू नकोस. मी साध्या वेशातला पोलीस आहे. उघड बघू."

"आत्ताच तर देवगडचे होता!" सिद्धेश म्हणाला.

"अरे, देवगडचाच पोलीस!"

"मग ओ द्या," श्रुतिका म्हणाली. आवाज तिने पडू दिला नाही. "लगेच उघडते. बा देवा म्हाराजा! ह्या काकांका चावी होई हा रे म्हाराजा!"

दत्ताराम साथीदारांकडे बघू लागला. "हो... महाराज?"

"चुकलं! शेवटची संधी. बा देवा म्हाराजा! जो कोण खोटा नाव घेऊन इलो आसात, तेका हयच धरून ठेव रे म्हाराजा!"

दत्तारामने जाळीतून हात घालून साखळीला हिसका दिला. साखळी कुरकुरली. श्रुतिका मागे सरली, आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागून अख्खं आवार दणाणलं,

"व्हय म्हाराजा!"

बस परत आली होती! सगळ्यांत पुढे निधीताई, मागे बाबा, भाऊकाका, कमलआजी आणि सम्यकबरोबर चौकीवरच्या इन्स्पेक्टर लताबाई. दत्ताराम जिन्यावर मटकन खाली बसला.

तिघांना गाडीत घातल्यावर बाबा श्रुतिकाजवळ आले. "तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं," ते म्हणाले. कमलआजीने माळ आणून क्षणभर श्रुतिकाच्याच गळ्यात घातली. भाऊकाका जुन्या चाव्यांचा डबा उराशी धरून म्हणाले, "मी म्हणत होतो ना, काही टाकायचं नसतं!"

"पण तुला संशय आला कसा?" लताबाईंनी विचारलं.

"रघुनंदन असता, तर आधी ओ द्यायला शिकला असता!"

सगळे खो खो हसले. आजोबांनी उरलेला नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या पोरांका अशीच हुशार ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज लताबाईंचा होता.

सम्यकने श्रुतिकाला कोपरखळी मारली. "ह्या खऱ्या गाववाल्या हां!"