रेनानच्या तीन सह्या

रेनान तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिला, तेव्हा मायलीनने मान वर केली आणि लगेच खाली घातली. हमरस्ता रुंद करायचा म्हणून इलोइलो शहरातल्या सान तेल्मो वस्तीची सभा भरली होती. मायलीन वस्तीची सेक्रेटरी, हजेरीचे कागद तिच्यापुढे होते. सही केली की बिबिंग्काचा, म्हणजे तांदळाच्या केकचा, एक गोड तुकडा मिळत होता.

“तुझी सही झालीये की,” ती म्हणाली.

“पहिली वाकडी आली, सेक्रेटरीबाई.”

“आणि दुसरी?”

“दुसऱ्या वेळी तू वर बघितलंच नाहीस…”

तिसरी सही करून, बिबिंग्का न घेताच तो गेला. जादा सह्या तिने खोडायला हव्या होत्या. पण ती गालातल्या गालात हसत राहिली आणि सह्या तशाच राहिल्या.

चार दिवसांनी वस्तीचे प्रमुख, कप्तान रोगासियानो, यांनी तिला ठराव लिहायला बसवलं. रुंदीकरणाला वस्तीचा पाठिंबा आहे, आणि पुरावा म्हणून मागे तेच हजेरीचे कागद.

“कप्तान, ती नुसती हजेरी होती.”

“आले म्हणजे हो म्हणाले. शंभर सह्या लागतात, एकशे एक आहेत. लिही, पोरी.”

तिने लिहिलं. रेनानच्या आईची खानावळ त्या रुंदीकरणात जाणार, हे तिला ठाऊक होतं. रोज दुपारी ती तिथेच तर जेवायची.

ठरावाची प्रत सह्यांसकट वस्तीभर फिरली. रेनानच्या आईने, पासिताबाईंनी, ती खानावळीत उघडली, तेव्हा मायलीन कोपऱ्यात बात्चोय सूपचा वाडगा पुढ्यात घेऊन बसली होती.

“आपली खानावळ पाडायला तू तीनदा हो म्हणालास होय रे?”

रेनानचे कान लाल झाले. त्याने मायलीनकडे पाहिलंसुद्धा नाही. “चुकून झालं, आई,” एवढंच म्हणाला. तिचं नाव त्याने घेतलं नाही, आणि तिने वाडगा तसाच बाजूला सारला. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

ठराव मंजूर करायच्या बैठकीत ती उभी राहिली.

“ही हजेरी आहे, संमती नाही. आणि यात एकाच माणसाच्या तीन सह्या आहेत. खरी माणसं नव्व्याण्णवच.”

“मग तेव्हाच का नाही खोडल्यास?” कप्तान कडाडले.

सगळी वस्ती बसली होती. पासिताबाई पहिल्याच रांगेत होत्या. मायलीनने टेबलाची कड घट्ट धरली.

“तो सही करायला येतच नव्हता… मला बघायला येत होता. आणि मला ते… आवडत होतं.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. कुणीतरी शीळ घातली. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पासिताबाई मात्र हसल्या नाहीत.

ठराव रद्द झाला. रविवारी नवी सभा भरली, आता कागदावर दोन रकाने होते, हवं आणि नको. रेनानने ‘नको’च्या खाली एकच सही केली, पण पेन काही सोडेना.

“पुढे सरक, मागे रांग आहे,” ती खाली बघूनच म्हणाली.

“परत येऊ?”

“सही करायला नको.” तिने वर पाहिलं. “सभा संपली की थांब. तुझ्या आईची माफी मागायचीये… एकटीनं यायला लाज वाटते मला.”

“मलापण वाटते,” तो म्हणाला. पेन तिच्या हातात देऊन तो दाराशी गेला, आणि शेवटची सही होईपर्यंत तिथेच उभा राहिला.