काजाच्या बोटभर वर

थोरल्या नातीचं लग्न झालं आणि परदेशातल्या धाकट्या मुलीला खूप वाट पाहून मूल झालं, ते एकच वर्ष. लग्नाची गडबड आवरली आणि मी एकटाच धाकटीकडे निघालो. आमची ही आली नाही. चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही सांगितलं होतं.

"तुम्ही बघून या," ती म्हणाली. "पण आल्यावर नुसतं 'छान आहे' म्हणून मला वाटेला लावू नका. नाक कुणावर गेलंय, कान कसे आहेत, हसते कशी, सगळं सांगायचं."

मी टेलर. आमचं दुकान दोघांचं होतं. कापड बेतायचं आणि मशीन चालवायचं काम माझं, काज-बटण तिचं. गिऱ्हाइकांची मापंही तीच लिहायची, कारण मला अक्षरओळख नव्हती. पन्नाशी उलटल्यावर तिनंच मला शिकवलं, काळ्या कापडाच्या चिंधीवर आमच्याच खडूनं. अक्षर चुकलं की चिंधी झटकायची आणि मलाही झटकायची. "सरळ शिलाई घालणाऱ्या माणसाची वेलांटी वाकडी कशी हो जाते?" असं विचारायची. आज हे लिहितोय ते त्या झटकण्याच्या जोरावर.

तिचं बटण लावणं वेगळं होतं. दोऱ्याला आधी मेण चोळायची. कोटाचं कापड जाड असतं, म्हणून बटणाखाली दोऱ्याचे वेढे घालून त्याला देठ करायची, म्हणजे बटण कापडाला चिकटत नाही, काजात सहज बसतं. शेवटी कात्री घ्यायची नाही, दोरा दातानं तोडायची. घरातल्या कुणाच्या अंगावरच बटण लावायचं असेल तर तिचं कपाळ त्याच्या छातीला टेकायचं, आणि मग कट् असा आवाज यायचा. मुलं लहान असताना मुद्दाम बटणं तोडून घ्यायची. मी तोडून घ्यायचो नाही. पण तुटलं तर वाईटही वाटायचं नाही.

अलीकडे तिची नजर गेली होती. पूर्ण नाही, कडा दिसायच्या, मधलं पुसट. मी खडूनं खूण करून दिली तरी तिला ती सापडायची नाही, आणि बटण काजाच्या बोटभर वर बसायचं. कायम वर. ती आत चहा टाकायला गेली की मी ते उसवायचो आणि जागेवर लावून ठेवायचो. मला तिच्यासारखा देठ जमत नाही, पण गिऱ्हाईक कुठे एवढं बघतं. तिला कळू दिलं नाही. निदान माझी समजूत तशी होती.

निघायच्या दिवशी बॅगेचा पट्टा अडकला आणि माझ्या कोटाचं मधलं बटण तुटलं. हा काळा कोट मी नातीच्या लग्नासाठी शिवला होता. ती सुई शोधायला लागली, तेवढ्यात खाली गाडी येऊन थांबली.

"राहू दे," मी म्हटलं. "तिकडे पोरगी लावून देईल."

"अजिबात नाही. खिशात ठेवा बटण. परत आलात की मी लावीन." मग कोटाच्या कॉलरवरून हात फिरवत म्हणाली, "आणि मी लावलेलं उसवायचं नाही हं."

ती हसली, मीही हसलो. गाडीत बसल्यावर मी ते बटण कागदाच्या पुडीत बांधलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं.

धाकटीकडे मी चांगला राहिलो. नात गोड. नाक आमच्याकडचं, कान जावयाचे. धाकटीनं बटण लावायला हात पुढे केला, तर मी कोटच लपवला. "बाबा, तुम्ही म्हणजे ना," ती म्हणाली. रोज ती आईला फोन लावून बाळाला समोर धरायची. आई तिकडून "हो, दिसली गं, दिसली" म्हणायची. शेवटच्या दिवशी मात्र आमची ही फोनवर मला म्हणाली, "अहो, खरं सांगू का, त्या फोनमध्ये मला नुसता पांढरा ठिपका दिसतो. मोठं काही असतं तर बघितलं असतं. कडेकडेनं का होईना."

धाकटी तिथल्या तिथे म्हणाली, "लॅपटॉप घेऊया, मोठ्या पडद्याचा." मी म्हटलं, "नको, उगाच खर्चात पडू नकोस." माणूस बोलून जातो.

परतीच्या वाटेवर विमान बदलायचं होतं. मधला विमानतळ प्रचंड होता. राखाडी गालिचा, पुरुषभर उंच काचा, आणि बाहेर ऊन असून आत थंडी. कोट पुढून उघडा राहायचा म्हणून मी तो मुठीत धरला होता. माझं वय बघून त्यांनी मला बॅटरीच्या गाडीत बसवलं. चालवणारा हसरा माणूस होता. उतरायच्या जागी त्यानं मला हात देऊन उतरवलं. मग तोच हात पुन्हा गाडीकडे केला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर तसाच धरून थांबला. थोडा वाकून, जपून, जसं एखाद्या धाप लागणाऱ्या माणसासाठी थांबावं तसा. नंतर हात मागे घेतला आणि मान लववून निघून गेला.

मला वाटलं, त्यांच्याकडे तशी रीत असेल.

दुसऱ्या विमानाला भरपूर वेळ होता. समोरच एक दुकान होतं, ओळीनं लॅपटॉप उघडून मांडलेले. तो पांढरा ठिपका माझ्या मनातून जात नव्हता. मी आत गेलो. दुकानातली मुलगी माझ्या नातीएवढी असेल. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. मी दोन्ही हात लांब करून दाखवलं, मोठा. मग डोळ्यांवर बोट ठेवलं. तिला पटकन कळलं. सगळ्यात मोठ्या पडद्याचा एक तिनं पुढे ओढला, मला एक उंच स्टूल दिलं, आणि शेजारी दुसरं स्टूल आणून ठेवलं.

"मी एकटाच आहे," मी मराठीत म्हणालो आणि एक बोट दाखवलं.

ती हसली आणि तिनं दोन बोटं दाखवली.

म्हातारा आहे, बोटं चुकला असेल, असं तिला वाटलं असावं. मी धाकटीला फोन लावला आणि तिला दुकानातल्या मुलीशी बोलायला दिलं. दोघींचं भराभर बोलणं झालं. मग धाकटीचा आवाज माझ्या कानाशी आला.

"बाबा! नको नको म्हणत शेवटी दुकानात शिरलातच ना? आई बरोबर सांगते तुमच्याबद्दल."

"काय सांगते?"

"की तुम्ही कापड फाडून झाल्यावर माप घेता." ती खूप हसली. "चांगला आहे हा, घ्या. ती आता माझ्याशी जोडून देतेय, पडद्यावर बाळ कसं दिसतं ते बघा. आणि ती विचारतेय, तुमच्याबरोबरच्या बाईंना उशी आणू का पाठीला."

"कोण बाई?"

"तेच मी म्हटलं. सांगितलं तिला, बाई घरी आहेत. कुणीतरी दुसरं गिऱ्हाईक असेल मागे."

मी मागे पाहिलं. दुकानात मी होतो आणि ती मुलगी.

पडदा उजळला. धाकटीचं तोंड दिसलं, मग ते बाजूला झालं आणि बाळ समोर आलं. केवढं दिसत होतं! भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा असं. मला वाटलं, हे तिला नक्की दिसेल. मधलं नाही दिसलं तरी कडेकडेनं दिसेल.

"बघ गं, आजोबा बघ," धाकटी म्हणत होती. "इकडे, इकडे. अगं इकडे बघ ना."

बाळ माझ्याकडे पाहत नव्हतं. माझ्या डाव्या बाजूला, जरा खाली पाहत होतं. माझ्या छातीच्या उंचीला.

आणि हसलं. बोळकं उघडून, सगळं अंग हलवून हसलं.

"बाबा, ही कुणाकडे बघून हसतेय?" धाकटीनं विचारलं. "माझ्याकडेही अशी हसत नाही लबाड."

मेणाचा वास येत होता.

आमच्या दुकानात असतो तसा, बोटांनी चोळून कोमट झालेल्या मेणाचा. आजूबाजूला नुसत्या काचा आणि नवं प्लॅस्टिक, आणि त्यात तो वास.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट होती. तिच्यात मी दिसत होतो. माझ्या कोटाची कड पुढे ओढलेली होती, चिमटीत धरावी तशी. माझे दोन्ही हात टेबलावर होते.

मी हललो नाही. इतक्या वर्षांची सवय. कुणी अंगावर बटण लावत असेल तर हलायचं नसतं, सुई टोचते.

कापड बारीक बारीक ओढलं जात होतं. वर, खाली. मग वेढे. एक, आणखी एक.

मग छातीला काहीतरी टेकलं. कपाळाएवढं. जड नाही.

कट्.

मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा पडद्यावर बाळ जांभई देत होतं आणि धाकटी म्हणत होती, "बाबा, रडताय काय? आवडला ना? मग घेऊन टाका."

मी घेतला. दुकानातल्या मुलीनं खोकं बांधून दिलं. दारापर्यंत पोचवायला आली. मला नमस्कारासारखी मान हलवली आणि मग माझ्या डाव्या बाजूला, जरा खाली, तशीच हलवली.

कोटाकडे मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं. विमानात बसल्यावर थंडी वाजली तेव्हा हात आपोआप छातीकडे गेला. मधलं बटण जागेवर होतं. म्हणजे जागेवर नव्हतं. काजाच्या बोटभर वर होतं, खाली मेणानं कडक झालेला देठ. खिसा चाचपला. बटण बांधून ठेवलेली कागदाची पुडी तिथेच होती, घडी न मोडलेली. आत काही नव्हतं.

मी बटण काजात घातलं. कोट वाकडा बसला, एक बाजू वर चढली. पलीकडच्या बाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मी खोकं मांडीवर घेऊन सगळा प्रवास तसाच बसून राहिलो. तिला काय काय सांगायचं ते मनात लावत होतो. नाक, कान, हसणं. मग वाटलं, हसण्याचं सांगायची गरज पडणार नाही.

विमानतळाबाहेर आमचा मुलगा उभा होता. एकटाच. त्याचं तोंड बघून मी विचारलं, "कधी?"

तो दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी धाकटीलासुद्धा अजून सांगितलेलं नाही. तुम्ही वाटेत एकटे, म्हटलं पोचू दे आधी." त्यानं खोकं माझ्या हातातून घेतलं. "हे काय आणलंत, बाबा?"

"आईसाठी. बाळ नीट दिसावं म्हणून."

त्यावर तो रस्त्यातच खाली बसला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा मोठा बाप्या, पण पाठ लहानपणी होती तशीच.

घरी तिला ठेवलं होतं, माझ्यासाठी थांबले होते. चेहरा शांत होता, धाप नव्हती. सूनबाई माझ्याजवळ येऊन बसली.

"मामंजी, सकाळी मला म्हणाल्या, सुईत काळा दोरा ओवून दे. मी म्हटलं, आई, आता काय शिवताय, दिसत नाही तुम्हाला. तर म्हणाल्या, ह्यांचं बटण राहिलंय, त्याला बघावं लागत नाही. मी ओवून दिली आणि चहाला आत गेले. येऊन बघते तर खुर्चीतच..." तिनं पदर तोंडाला लावला. "सुई बोटातच होती. घट्ट धरलेली. दोरा तेवढा नव्हता. मी हातभर दिला होता, मामंजी, मीच ओवला होता. सगळी खोली झाडली, कुठे सापडला नाही."

मी तिच्या जवळ वाकलो. खालच्या ओठाला काळ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता, तिळाएवढा. मी तो काढला नाही. तसाच जाऊ दिला.

बटण मी अजून उसवलेलं नाही. कोट वाकडा बसतो, लोक सांगतात, मी हो म्हणतो. लॅपटॉप टेबलावर आहे. रविवारी धाकटी बाळाला समोर बसवते, आता ते बसायला लागलंय. मी माझ्या डाव्या बाजूला एक खुर्ची ठेवतो, म्हणजे त्याला बघायला सोपं जातं.

थोरल्या नातीच्या लग्नाच्या वर्षी, थंडी संपता संपता, माझी बायको गेली. सकाळच्या चहाच्या वेळी, खिडकीजवळच्या खुर्चीत. मी अजून परतीच्या पहिल्याच विमानात होतो. ते लॅपटॉपचं दुकान नंतर आलं.