स्मारकाच्या पायरीवर नारळ

“ए! खाली ठेव तो नारळ... आधी खाली ठेव म्हणते ना!”

मधुवंती दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत धावली. एप्रिलच्या सुट्टीत राष्ट्रीय युद्धस्मारक दाखवायचं काम मिळून तिला जेमतेम तीन तास झाले होते, आणि हा कुरळ्या केसांचा मुलगा चक्क स्मारकाच्या पायरीवर नारळ फोडायला निघाला होता! वर आभाळात घुसलेला घंटांचा मनोरा, खाली अख्खं वेलिंग्टन, पलीकडे समुद्र — आणि ह्याच्या हातात शेंडीवाला नारळ.

“दुकानाचं उद्घाटन आहे का?”

“पणजोबांसाठी...” तो गडबडला. “मराठा पलटणीतून इटलीत लढायला गेले, ते परत आलेच नाहीत. आजोबा म्हणाले, न्यूझीलंडवाले शेजारीच लढत होते, तर त्यांच्या स्मारकापाशी तरी एक नारळ...”

“इथे फूल ठेवतात! शांतपणे!”

तिने स्वतःच्या जॅकेटवर शहिदांच्या आठवणीत लावलेली पॉपीच्या फुलाची लाल पिन ओरबाडून त्याच्या हातात कोंबली. त्याने ती ठेवली, हळूच पणजोबांचं नाव घेतलं, ‘काशिनाथ’... आणि मधुवंतीनेही नकळत मान झुकवली. ह्याचाही तिला रागच आला.

मुलाचं नाव गंधार, राहायचा बसने दिवसभर लांब, रोटोटुनाला. मावशीकडे आठवडाभर आलेला, शनिवारी परत जाणार. पण तो रोज स्मारकावर यायला लागला. भन्नाट वाऱ्यात पायरीवर बसून रोज तेच विचारायचा —

“घंटा किती?”

“चौऱ्याहत्तर! काल सांगितलं, परवा सांगितलं!”

“चिडलीस ना, की काय फाडफाड मराठी बोलतेस! एरवी कशालाही नुसतं इथल्यांसारखं ‘स्वीट ॲज’, म्हणे ‘मस्त’.”

आणि असा हसायचा की... छे! एवढं बोलतो, मग मनातलं का नाही बोलत? गुरुवार गेला. शुक्रवारही गेला. घरी मधुवंती नुसती दारं आपटत होती.

शनिवारी तो पाठीवर सॅक घेऊनच आला. बस सुटायला वीस मिनिटं होती.

“तर मग... घंटा—”

“खबरदार!” ती इतक्या जोरात ओरडली की दोन पर्यटकांनी कॅमेरे खाली घेतले. “आठवडाभर घंटा मोजतोयस, मूर्खा! तू मला आवडतोस! हीप्स! खूप खूप! आणि तू चाललास म्हणून मला इतका राग आलाय, इतका, की—”

श्वासच संपला.

गंधारचे कान लालबुंद. सॅक खांद्यावरून घसरून पडली, त्याला पत्ताच नाही.

“मलापण,” तो म्हणाला. “म्हणजे... तू. पहिल्या दिवसापासून. रोज ठरवून यायचो गं, पण तोंडातून भलतंच निघायचं.”

“आणि हे आत्ता सांगतोस? वीस मिनिटं उरल्यावर?”

“एकोणीस.”

तिने त्याचा हात धरला — घट्ट, चांगलाच रागाने — आणि त्याला खेचत पायरीवर धपकन बसली.

“बोल मग! पटापट!”