मिरी टेबलावरच का थरथरते?

"स्पर्धेतून मिरीचं नाव काढून घेतो. संध्याकाळी फोन करीन," मामा म्हणाला आणि भिंगरीने हातातला घास परत ताटात ठेवला.

सुट्टीत मामाकडे येताना तिच्या डोक्यात एकच बेत होता. रविवारच्या श्वानस्पर्धेत मिरीला पाहायचं! मामा स्पर्धेसाठी कुत्री वाढवायचा. मिरी त्यातली सगळ्यांत छोटी, काळीभोर आणि महाखट्याळ. पण गेले पंधरा दिवस सरावाच्या टेबलावर ठेवलं की ती थरथर कापत होती. छोट्या कुत्र्यांना परीक्षक टेबलावरच तपासतात. तिथे शेपूट पायांत गेलं की संपलंच!

"स्वभावच भित्रा आहे," पार्लरकाका म्हणाले. ते कुत्र्यांचे केस कापायला रोज यायचे, म्हणून मुलांनीच त्यांचं हे बारसं केलं होतं. "जन्मजात गोष्ट ही. गावातल्या डॉक्टरबाईंना पाळायला हवंच आहे कुत्रं. देऊन टाका."

"देऊन टाका म्हणे! मिरी काय जुनी सायकल आहे?" मामाचा मुलगा ढमाल अंगणात येऊन फणफणला.

भिंगरी विचारात पडली होती. मामाची कुत्र्यांच्या नोंदींची वही तिने वाचली होती. पिल्लं सात आठवड्यांची झाली की मामा त्यांच्यामागे पातेल्याचं झाकण पाडून बघायचा. मिरीची चारही भावंडं धूम पळाली होती. मिरी मात्र झाकण हुंगून ऐटीत त्यावर बसली होती.

"ढमाल, एक झाकण आण. मोठं."

झाकण दाणकन पडलं. मिरीने ते हुंगलं आणि 'एवढंच?' अशा नजरेने ढमालकडे पाहिलं. मग त्यांनी तिला इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. तिथेही ती फौजदारासारखी ताठ उभी! केस कापायच्या खोलीतल्या सरावाच्या घडीच्या टेबलावर ठेवताच मात्र तिचं पोट खाली टेकलं आणि अंग कापू लागलं.

"म्हणजे ती भित्री नाहीच. तिला या टेबलाची भीती वाटते," असं म्हणत भिंगरी टेबलाखाली शिरली. एका पायाची खिट्टी तुटली होती. तो पाय जुन्या पट्ट्याने बांधून वर टॉवेल गुंडाळला होता. वरून हात दाबला की टेबल बोटभर खचत होतं.

"काकांना माहीत असेल?" ढमालने विचारलं.

"नाहीतर पट्टा काय मिरीने बांधला?"

पण नुसतं सांगून काय उपयोग? काका म्हणाले असते, पोरांनीच मोडलं. दुपारी केस कापायच्या खोलीत काकांबरोबर मामाही असतानाच भिंगरी साळसूदपणे मोबाइल घेऊन आली.

"काका, मिरीबरोबर तुमचा फोटो काढते. टेबलावर बसा ना. ऐंशी किलो पेलतं, त्यावरच लिहिलंय."

काका अंगाने अगदीच काडी. तरी ते दोन पावलं मागे सरले. "नको गं बाई, परत पडलं तर?"

"परत?" मामाने मान वर केली.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. पंधरा दिवसांपूर्वी ते फोनवर बोलत असताना टेबलाचा पाय दुमडला होता आणि मिरी टेबलासकट खाली आली होती. लागलं नाही म्हणून त्यांनी गोष्ट दडपली आणि रोज तिला त्याच टेबलावर चढवलं.

"पाय मोडला याचा राग नाही," मामा शांतपणे म्हणाला. "तुमची चूक माझ्या कुत्रीच्या स्वभावावर ढकललीत, त्याचा आहे."

मामाने नाव काढायचा फोन केलाच नाही, पण हातात तीनच दिवस होते. मामाने सुताराकडून भक्कम बाक आणला. पहिल्या दिवशी मिरीने त्यावर एक पाय ठेवून खाऊ पळवला. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच उडी मारून चढली.

"घाबरतात सगळेच," मामा म्हणाला. "पण हिच्यासारखं चटकन सावरणं, ते मात्र जन्मजात."

रविवारी परीक्षकबाईंनी मिरीच्या पाठीवर हात ठेवला आणि नेमका तेव्हाच लाउडस्पीकर किंचाळला. शेजारची दोन कुत्री दचकून मागे पळाली. मिरीने एकदा आवाजाकडे पाहिलं आणि शेपूट आणखी वर करून परीक्षकबाईंना दात तपासू द्यायला तोंड पुढे केलं. तिच्या गटात ती पहिली आली!

"हिला तयार कोणी केलं?" परीक्षकबाईंनी विचारलं.

मामाने दोघांना पुढे ढकललं. "वीस वर्षं मी कुत्र्यांकडे बघतोय. पण टेबलाखाली बघायचं या दोघांनाच सुचलं."

टाळ्यांत पार्लरकाकांच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. भिंगरीने मिरीला घट्ट उराशी धरलं आणि सगळ्यांसमोर खुशाल रडून घेतलं.