मामाच्या खोलीतली झोळी

सासूबाई उदगीरला भाचीच्या डोहाळजेवणाला गेल्या आणि मंजुश्रीपुढे प्रश्न उभा राहिला, नीलाला ठेवायचं कुठं? नवऱ्याचं, वीरेशचं, अहमदपूरच्या बाजारात पाइप-नळांचं दुकान. तिथे नऊ महिन्यांचं लेकरू म्हणजे हाताला लागेल ती चकती तोंडात. रजा टाकावी तर कंधारच्या नर्सिंग स्कूलला लागून तिला जेमतेम दोन महिने झालेले. शेवटी एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर नीला अशी ती सकाळच्या कंधार गाडीत चढली.

"लेकरू न्यायलीस ते ने," वीरेश खालून खिडकीशी म्हणाला, "पण दर तासाला फोन करून आकडे सांगू नको. ते लेकरू हाय, मीटर न्हाई."

आकडे म्हणजे नीलाचे श्वास. जन्मल्यावर अकरा दिवस पोर लातूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, आणि मंजुश्री बाहेर स्टुलावर बसून तिची छाती वर-खाली होताना मोजायची. पोर घरी आली, गुटगुटीत झाली, खालचे दोन दात आले. मोजणं काही सुटलं नाही. नीला झोपली की मंजुश्रीची नजर घड्याळाच्या काट्यावर. बत्तीस. कधी तीस, कधी चौतीस, बहुतेकदा बत्तीस. नर्सिंग शिकलेली बाई, दुसऱ्यांना शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या पोरीच्या उशाशी चोरासारखी मोजत बसते, याची तिची तिलाच लाज वाटे. लाज वाटे आणि पुन्हा मोजे.

शाळा गावाबाहेर होती. तीन वर्गखोल्या, एक ऑफिस आणि उत्तरेच्या टोकाला शरीररचनेची खोली. ऑक्टोबरच्या उन्हातही ती खोली माठातल्या पाण्यासारखी गार असायची. कपाटात बरण्या, भिंतीवर रक्ताभिसरणाचा तक्ता, आणि कोपऱ्यात चाकांच्या स्टँडला टांगलेला हाडांचा सापळा. प्लॅस्टिकचा नव्हे. खरा. पोरी त्याला 'मामा' म्हणायच्या. स्टँडवर पितळी पट्टी होती, 'पुरुष, वय अंदाजे तीस', आणि पोरींनी त्याच्या डोक्यावर कधीतरी गॅदरिंगचा उरलेला फेटाही चढवला होता. तो तसाच राहून गेला होता.

"हितंच बांधू झोळी," साफसफाई बघणारी कस्तुराबाई म्हणाली. खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी तिनेच बांधून दिली.

"इथं? याच्याजवळ?"

"मामा गरीब हाय मॅडम. पंधरा वर्सं झाली, त्येची धूळ पुसून राहिले मी. कदी वर मान करून पाह्यलं न्हाई बिचाऱ्यानं." स्वतःच्या विनोदावर ती तोंडाला पदर लावून हसली. मंजुश्रीलाही हसू आलं. गार खोली, राखायला कस्तुराबाई, आणखी काय पाहिजे?

झोळीत पडल्या पडल्या नीला झोपली.

दोन वाजता पहिल्या वर्षाचा तास होता. विषय, कमरेची हाडं. स्टँडची चाकं करकरत मामा वर्गात आला. मंजुश्रीने पेल्व्हिस समजावला, कमरेचा हाडांचा कटोराच तो, पोटातलं सगळं तोलून धरणारा. मग तिच्या बाईंनी तिला शिकवलेली खूण ती पोरींना सांगू लागली.

"पुढून ही दोन हाडं जुळतात ना, त्याखालचा हा कोन बघा. तर्जनी आणि मधलं बोट फाकवल्यावर जेवढी फट होते तेवढाच असला, तर पुरुष. अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर होतो तेवढा रुंद असला, तर बाई. बाळाला वाट हवी ना. राजकन्या, ये, लावून बघ हात."

राजकन्या पुढे आली. तिने दोन बोटं लावली. मग थांबली. मग अंगठा आणि तर्जनी ताणून लावली. हात चपखल बसला.

"मॅडम... ही तर बाई हाय."

मंजुश्रीने स्वतः हात लावून पाहिला. वरचा घेर पाहिला, मागचं माकडहाड पाहिलं. पंधरा वर्षं, पंधरा बॅचेस, आणि एकानेही हाडांकडे पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी पट्टी वाचली होती.

"मामाची मामी झाली!" मागच्या बाकावरून अयोध्या ओरडली आणि वर्ग हसून लोळला. कोणीतरी फेटा काढून घेतला. तेवढ्यात अयोध्याच पुन्हा म्हणाली, "मॅडम, मग मामीला लेकरं झालती का? ते बी कळतंय का हाडावरून?"

इथे मंजुश्रीने गप्प बसायला हवं होतं. हाडाच्या मागच्या बाजूला बारीक खळगे होते. काहीजण म्हणतात ती बाळंतपणाची खूण, काहीजण म्हणतात त्यावरून काही सांगता येत नाही. तिला दोन्ही ठाऊक होतं. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच पोरी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहत होत्या. अशा वेळी 'सांगता येत नाही' कोण म्हणतं?

"हो," ती ठामपणे म्हणाली. "झालं होतं. एक मूल नक्की झालं होतं हिला."

तास संपल्यावर कस्तुराबाई स्टँड ढकलत परत निघाली, तेव्हा ती हसत नव्हती.

"हे बोलायला न्हाई पायजे होतं मॅडम."

"का हो? खरं तेच सांगितलं." 'खरं' म्हणताना मंजुश्रीचा आवाज थोडा उतरला.

"आजवर तिला कोनी बाई म्हनलं न्हाई. मामा म्हना, फेटा घाला, चालून जायचं. इसरली व्हती ती." कस्तुराबाईने स्टँड कोपऱ्यात नेऊन उभा केला, झोळीपासून चार हातांवर. "तुमी याद दिली."

मंजुश्रीने पोरीला तेव्हाच उचलायला हवं होतं. पण झोपलेलं लेकरू उठवलं की संध्याकाळपर्यंत किरकिर, आणि वर एका झाडूवालीच्या बोलण्याला भिऊन शिकवणारी बाई पळाली, ही गोष्ट उद्या सगळ्या वर्गात. तिने खुर्ची ओढली आणि तिथेच पेपर तपासायला बसली. आपण इथेच आहोत ना. आईच्या डोळ्यांदेखत काय होणार आहे?

पोरी बसने सरकारी दवाखान्यात प्रॅक्टिकलला गेल्या. सव्वातीनला लाइट गेली. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला आणि खोलीत अशी शांतता पसरली की स्वतःच्या पापण्यांची उघडझाप ऐकू यावी. सवयीने तिची नजर झोळीकडे गेली, मग घड्याळाकडे.

बत्तीस.

ती पुन्हा पेपराकडे वळणार, तोच तिला वाटलं, मध्ये मध्ये आणखी काहीतरी होतं. नीलाच्या झरझर चालणाऱ्या श्वासांखाली दुसरा एक, संथ, खोल... आत ओढलेला... आणि बऱ्याच वेळाने सोडलेला. तिने स्वतःचा श्वास रोखून पाहिला. तो थांबला नाही. तिने तोही मोजला. चौदा. मोठ्या माणसाचा. निवांत पडलेल्या मोठ्या माणसाचा.

खोलीला नेहमी फिनेलचा वास असायचा. आता त्यात दुसराच वास मिसळत होता. आधी पुसट, मग सगळीकडे भरलेला. ओवा... बाळंतशेपा... शेगडीवर टाकलेली धुरी.

झोळी हलत होती. वारा नव्हता. एक झोका, थोडं थांबणं, पुन्हा एक झोका. कोणीतरी दोरी हातात धरून, डुलक्या घेत द्यावा तसा.

मंजुश्री उठली. उठली म्हणजे उठायचं ठरवलं, पाय बऱ्याच वेळाने उठले. झोळीत डोकावली. नीला शांत झोपलेली, गाल लाल, ओठ किंचित उघडे. तिने घड्याळ पाहिलं नाही, तरी आकडे डोक्यात पडत होते. सव्वीस असेल हा. पुन्हा मोजला. एकवीस. पोरीची छाती वर जाऊन थांबत होती, खाली येऊन थांबत होती. सोळा. आणि मग तिला कळलं. दोन श्वास आता वेगळे ऐकूच येत नव्हते. आईच्या छातीवर पडलेलं लेकरू जसं तिच्या लयीत श्वास घेऊ लागतं, तशी नीला...

"नीला... ए नीलू... ऊठ बाई."

तिने पोरीच्या तळपायावर टिचकी मारली. पेटीत असताना सिस्टर मारायच्या तशी. पाय आखडला नाही. काखेत हात घालून उचलायला गेली, तर झोळीचं कापड पलीकडून कोणी घट्ट कवळून धरावं तसं ताठ झालं. पोर ऊबदार होती, मऊ होती, आणि येत नव्हती.

"चुकले मी," ती कोपऱ्याकडे न बघता पुटपुटली. "मला कळत नाही हो त्यातलं. पोरींसमोर उगीच शहाणपणा केला. तुम्ही मामाच आहात... मामाच..."

झोका थांबला नाही. आठवलेलं कोणी परत विसरतं का?

बारा.

पहिल्याच महिन्यात नर्सिंगच्या पोरींना एक रीत शिकवतात. नाडी मोजताना पेशंटला सांगायचं, श्वास मोजताना सांगायचं नाही. मनगट तसंच धरून ठेवायचं, नाडीच मोजतोय असं दाखवायचं, आणि डोळे छातीवर ठेवायचे. कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस श्वासाकडे लक्ष देतं, आणि लक्ष दिलं की तो बिघडतो. मागच्याच आठवड्यात मंजुश्रीने हे शिकवलं होतं.

ती झोळीपासून वळली आणि कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मी मोजतेय," ती म्हणाली. आवाज फुटला. पुन्हा म्हणाली, "बाई, तुझा श्वास मोजतेय मी."

संथ श्वास अडखळला.

"एक," ती म्हणाली. खोलीत काहीतरी घाईने आत ओढलं गेलं. "दोन." आणि मग तिला थांबायची भीती वाटली, म्हणून ती तासाला बोलते तशी बोलत सुटली. "फासळ्यांच्या बारा जोड्या. पुढे छातीचं हाड. आत दोन फुप्फुसं असतात. खाली पडदा असतो, तो खाली सरकला की हवा आत येते. बघ... बघ खाली. तुझ्या फासळ्यांत काय आहे? काही नाही. पलीकडची भिंत दिसते त्यांतून. फुप्फुसं नाहीत, पडदा नाही, छाती नाही... तू श्वास घेत नाहीस, बाई. तू केव्हाची..."

तो शब्द तिला बोलवेना. एका आईने दुसरीला तो कसा सांगायचा? पण मागे तिची पोर होती.

"तू मेलीस," ती म्हणाली. "मेलीस तू. सोड तिला."

हुंदक्यासारखा एक आवाज आला. अर्धाच. मग संथ श्वास बंद झाला, आणि त्याच्याबरोबर नीलाचाही.

मंजुश्रीने कापडात हात घातले. कापड सैल होतं. पोर हातात आली, मान मागे पडलेली. तिने पोरीला पालथी घेऊन पाठीवर थोपटलं, चोळलं. तोंडाने आकडे चालूच होते, सेकंदांचे. सहा... सात... आठ... नऊ...

नीलाने असा टाहो फोडला की खिडकीवरची पारवी उडाली.

मंजुश्री पोर आणि पिशवी उचलून बाहेर धावली. व्हरांड्यात कस्तुराबाई उभी होती. तिने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि दाराला हात टेकवून हलक्या आवाजात म्हणाली, "नीज माय. नीज आता." मंजुश्री पिशवी खांद्याला मारून एसटी स्टँडकडे पळत सुटली.

अहमदपूर गाडीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी बसली होती, पाटीत सीताफळं घेऊन मुलीकडे निघालेली. मंजुश्रीने आधी श्वास मोजले. बत्तीस. दोनदा बत्तीस. तेव्हा कुठे तिला आठवलं, अकराला बाटली पाजल्यापासून पोरीच्या पोटात काही नाही. तिने पिशवीतून दुधाची दुसरी बाटली काढली. भरलेली होती. नीलाने निपल जिभेने बाहेर ढकललं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. पोट हाताला टणक लागत होतं, भरल्या घागरीसारखं.

तिने पोरीला खांद्यावर घेतलं. नीलाने समाधानाचा ढेकर दिला आणि मंजुश्रीच्या खांद्यावर काहीतरी कोमट ओघळलं.

"थांब गं माय, पुसते," म्हातारीने पदराचं टोक पुढे केलं, आणि पुसता पुसता थांबली. बोटाला लागलेलं तिने उजेडात धरलं. पिवळसर होतं, दाट, चिकट. "हा तर चीक हाय. पयल्या दोन-तीन दिसाचा. चाळीस वर्सं बाळंतपनं केली मी, मला वळखू येत न्हाई व्हय? आन् ओली बाळंतीन तू, अशी उन्हातान्हाची गाडीनं हिंडून राहिलीस?"

दुधाचा थेंबही मंजुश्रीच्या अंगाला नव्हता. पेटीच्या त्या अकरा दिवसांतच तिचं दूध आटलं होतं. ते पुन्हा आलंच नाही.

म्हातारीने नीलाची हनुवटी धरून तोंड उघडलं. खालचे दोन दात पाहिले. मग मंजुश्रीकडे पाहिलं, मग पुन्हा बोटाकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं,

"कोन्या बाळंतिनीला पाजाया दिलतंस गं हिला?"