पालथ्या टोपलीखालचं पीठ

खेमराज पटेल चारचौघांत सांगायचे, भूत भेटलंच तर त्याले मी धानाच्या रोवणीले लावीन. आणि लोकांनी वाहवा करायच्या आत स्वतःच जोडायचे, पाल मात्र आधी कोणीतरी हाकलून द्या बाप्पा. माणूस तसा मोठा. हट्ट्याच्या रस्त्याला ऐंशी एकर धान, एक राईस मिल, भरवेलीच्या खदानीवर दोन ट्रक, आणि गावातल्या प्रत्येक सत्काराच्या फोटोत मधला फेटा यांचाच.

त्या सकाळी ते प्रेमलालच्या घरी निघाले ते नेहमीच्याच कामाला. गावात कोणी मेलं की तिसऱ्या दिवशी पीठ पाहायला पटेल लागतातच. मढं ठेवलं होतं त्या जागी रात्री तांदळाचं पीठ पसरायचं, दिवा लावायचा, वर मोठी टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलली की पिठात ठसा दिसतो. मुंगीचा, पाखराचा, गाईचा. मेलेला कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं. ठसे वाचायचा मान प्रेमलालच्या थोरल्या भावाचा, तेजरामचा. त्यानं मागे आपल्याच सासऱ्याच्या पिठात रेड्याचा खूर शोधून काढला होता, आणि बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

आज मात्र पटेलांचे पाय उचलत नव्हते. प्रेमलाल त्यांचा शेतशेजारी. दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दर साली पटेलांच्या नांगरानं वीतभर कोरला जायचा, आणि प्रेमलाल दर साली भांडायला यायचा. दोन दिवसांपूर्वी, भर दुपारी, तो धुऱ्यावर चालता चालता खाली बसला आणि त्यानं हात वर केला. पटेलांनी ट्रॅक्टरवरून पाहिलं. आला पुन्हा डोकं खायले, असं म्हणत त्यांनी ट्रॅक्टर वळवला. संध्याकाळी प्रेमलाल तिथंच सापडला. शिवारात त्या वेळी तिसरं माणूस नव्हतं.

खोलीत विझलेल्या वातीचा वास कोंडला होता. सारवलेली जमीन अजून ओली, तळपायाला गार लागणारी. बाया भिंतीला टेकून बसलेल्या. कोणी खोकतही नव्हतं. दूरवर पटेलांचीच मिल घरघरत होती. तेजरामनं टोपली उचलली, खाली वाकला... आणि वाकलेलाच राहिला.

पिठात चाकांच्या खुणा होत्या. बोटभर रुंद. ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी, जशीच्या तशी. कडेकडून आत आलेल्या... दिव्याजवळ येऊन थांबलेल्या... मग अर्धा फेर घेऊन आल्या वाटेनं परत गेलेल्या.

"उंदीर असन," तेजराम शेवटी म्हणाला.

मागून कोणीतरी पुटपुटलं, प्रेमलाल काय ट्रॅक्टरच्या जन्माले गेला? दोघं-तिघं हसले, आणि आपल्याच हसण्याला दचकले. पटेल हसले नाहीत. डाव्या चाकाच्या नक्षीतला एक दात तुटलेला होता. त्यांच्या ट्रॅक्टरचाही तोच तुटलेला आहे, हे त्यांना आणि मिस्त्रीलाच ठाऊक.

लोक चहाला अंगणात गेले. पटेल मागे राहिले. प्रेमलालची बायको दुर्गाबाई हातानं पीठ सुपात ओढून घेत होती. वळणाच्या खुणेपाशी आली आणि तिचा हात थांबला. ती खूण तिनं तशीच राहू दिली.

सांगून टाकावं, असं पटेलांच्या अगदी ओठांवर आलं. सत्काराला अर्धा अर्धा तास बोलणारा माणूस. दोन वाक्यांचं तर काम होतं. धुरा मी मागं सारून देतो, एवढं कसंबसं म्हणाले. मग तोंडातून भलतंच निघालं.

"वयनी... त्या दिवशी मी वावरात नव्हतो. बालाघाटले गेलतो."

दुर्गाबाईनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"तुमी असंच म्हणसान," ती हळूच म्हणाली, "हे त्यायनं मले आज पहाटेच सांगतलं."