शहाऐंशीला उकळलेलं पाणी

पाणी खळाखळा उकळत होतं, पण पुरेसं गरम नव्हतं. हे वाचून तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! उकळतं पाणी गरम नसतं, तर काय गार असतं? मीही अगदी असंच म्हटलं होतं, आणि तेही पुण्याच्या बोहरी आळीत, भांड्यांच्या दुकानात, चारचौघांसमोर. माझं नाव शलाका. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं, असं माझं ठाम मत होतं.

आम्ही चंद्रावर राहायला निघालो होतो. आई तिथल्या ‘कौमुदी’ तळावर खडकांचा अभ्यास करणार होती. आईचे बाबा, म्हणजे माझे आजोबा डॉ. विश्राम सबनीस, तळाची पाण्याची व्यवस्था बघणार होते. खासगी सामान माणशी दोन किलो. आजोबांनी त्यांच्या दोन किलोतले दीड किलो चहासाठी राखून ठेवले. चार वाजता चहा मिळाला नाही, तर हा माणूस कोणाशी धड बोलत नाही.

दुकानदाराने तीन केटल्या मांडल्या. पहिली शिट्टीची, गॅसवर ठेवायची. तळावर ज्योत पेटवायला बंदी, म्हणून ती बाद. दुसरी विजेची, लालचुटूक, पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी. मला तीच हवी होती. तिसरीही विजेचीच, पण करडी, बगळ्याच्या मानेसारखी लांब चोच असलेली. तिच्या मुठीखाली तापमानाचा आकडा दिसायचा. आजोबांनी तीच उचलली.

“आकडा कशाला हवा? उकळलं की उकळलं!” मी म्हणाले.

“किती तापल्यावर?” आजोबांनी विचारलं.

“शंभर अंश. चौथीतल्या पोरालाही माहीत आहे.”

“समुद्रकाठी शंभर. महाबळेश्वरला पंच्याण्णव. लेहला तर अठ्ठ्याऐंशीलाच उकळतं.” आजोबा गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिथेच स्टुलावर बसले आणि त्यांनी शिकवणी सुरू केली. “हे बघ. पाण्याचे कण सारखे बाहेर निसटायला बघत असतात. त्यांच्या वाफेचा बाहेर ढकलण्याचा जो जोर असतो, त्याला म्हणतात बाष्पदाब. पाणी तापवत जाशील तसा हा जोर वाढतो. पण वरून हवा पाण्याला दाबून धरत असते. तिचा तो वायुदाब (हवेचा सगळ्या बाजूंनी पडणारा भार). वाफेचा जोर हवेच्या दाबाइतका झाला, की पाण्याच्या पोटातसुद्धा बुडबुडे तयार होतात. मग पाणी उकळतं. आता सांग, हवाच विरळ असली तर?”

“तर... वाफेला कमी जोर पुरेल. म्हणजे पाणी लवकर उकळेल.”

“लवकर, म्हणजे कमी तापून! ज्या तापमानाला पाणी उकळतं, तो त्याचा उत्कलनांक. हवेचा दाब घटला की उत्कलनांकही घटतो. आणि एकदा उकळायला लागल्यावर कितीही आच दिलीस तरी पाणी आणखी तापत नाही. सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. चंद्राच्या तळावर हवेचा दाब इथल्याच्या सत्तर टक्केच ठेवतात. तिथे पाणी नव्वदला उकळेल. एवढ्याशा तापात चहा नीट उतरत नाही, म्हणून तो जास्त वेळ मुरवायचा. आकडा दिसला तर किती वेळ मुरवायचा ते कळेल.”

मग बाकीचं सामान घेतलं. चहा मुरताना ऊब टिकावी म्हणून घट्ट झाकणाचं स्टीलचं भांडं, बारीक जाळीची गाळणी आणि रोज सारखीच पावडर पडावी म्हणून मापाचा चमचा. पातेल्यात दूध घालून तीन उकळ्या काढायचा आमचा घरचा चहा मात्र तळावर करता येणार नव्हता. तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. उतू गेलेलं दूध छतापर्यंत चढलं असतं. आजोबांनी ते पातेलं दुकानदाराला परत देताना असा चेहरा केला, की दुकानदारालाच वाईट वाटलं.

तळावर चहाचं काम माझ्याकडे आलं. पाच महिने रोज चार वाजता केटल नव्वदवर उकळायची. मी सहा मिनिटं चहा मुरवायची आणि आजोबा पहिला घोट घेऊन “हं” म्हणायचे. हे ‘हं’ म्हणजे शाबासकी.

मग एका सोमवारी ‘हं’ आलं नाही.

“आज पांचट झालाय,” आजोबा म्हणाले. “उद्या अर्धा चमचा पावडर जास्त टाक.”

त्या दिवशी पाणी एकोणनव्वदला उकळलं होतं. मी ते पाहिलं होतं, पण एका अंशाचं काय एवढं, म्हणून गप्प बसले. मंगळवारी आकडा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. मी अर्धा चमचा जास्त टाकला होता, तरी आजोबा म्हणाले, “आणखी अर्धा टाक.” आमच्या घरात चहा फिका झाला की पावडर वाढवायची, एवढाच उपाय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आजोबांनी चाळीस वर्षं कॉलेजात उष्णता हा विषय शिकवला, पण कप हातात आला की तेही घरचेच.

बुधवारी तळावर आम्ही तिघंच होतो. मी, आजोबा आणि तळाच्या प्रमुख रेमेडिया डिमेलो. आईसकट सहाजण चांद्रगाडी घेऊन दोन दिवसांसाठी लांबच्या विवरात गेले होते. ते सहा वाजता परत येणार होते, आणि त्यांच्या गाडीत साडेसहापर्यंत पुरेल एवढीच हवा होती.

सकाळपासून माझं डोकं जड झालं होतं. आजोबा खुर्चीत पेंगत होते. मी केटल लावली आणि आकड्याकडे बघत उभी राहिले. ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, शहाऐंशी. आकडा तिथेच अडला आणि पाणी खळाखळा उकळायला लागलं.

बोहरी आळीतलं सगळं बोलणं आठवलं. उत्कलनांक घटला, म्हणजे हवेचा दाब घटला. आणि तळावरचा हवेचा दाब घटला, म्हणजे हवा कुठूनतरी बाहेर चालली होती. आमच्या भिंतींच्या बाहेर तर हवा नावाची गोष्टच नव्हती.

“आजोबा! पाणी शहाऐंशीला उकळतंय!”

“केटल बिघडली असेल,” ते डोळे न उघडता म्हणाले. “चहा टाक, डोकं दुखतंय.”

मी धावत नियंत्रण कक्षात गेले. डिमेलो मॅडम वसईच्या. कोकणपट्टीचा समुद्र पाहत वाढलेल्या आणि सहसा न घाबरणाऱ्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि तळाच्या यंत्रमानवाला विचारलं. त्याचं नाव आम्ही ‘नाना’ ठेवलं होतं, कारण त्याला सगळं माहीत असायचं.

“वायुदाब सत्तर टक्के,” नाना म्हणाला. “दोन्ही दाबमापक तेच दाखवतात. सर्व काही ठीक आहे.”

“ऐकलंस ना, बाय? दोन दाबमापक एका बाजूला आणि तुझी केटल दुसऱ्या बाजूला. मी कोणाचं ऐकू?”

मला रडू येत होतं. आणि रागही येत होता, जास्त करून स्वतःचाच. दोन दिवस आकडा दिसत असून मी तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं, तर माझ्याकडे पुरावा नव्हता. केटल खरं बोलते की खोटं, हे आधी ठरवायला हवं होतं. पण कसं?

बर्फ! हवेचा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी बर्फ वितळतो शून्यालाच. उकळण्यासारखं त्याचं नाही. मी केटल रिकामी केली, फ्रीजमधला सगळा बर्फ आत टाकला, थोडं पाणी ओतून ढवळत बसले. आकडा उतरत गेला. वीस, नऊ, तीन, एक. शेवटी शून्यावर थांबला आणि हलेना.

केटल खरं बोलत होती.

मी तशीच केटल उचलून मॅडमसमोर ठेवली. “बर्फाला बरोबर शून्य दाखवते. मग उकळताना चार अंश कशी चुकेल?”

मॅडम आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं लक्ष माझ्यामागच्या फळीवर गेलं. तिथे त्यांच्या घरून आलेलं चिवड्याचं पाकीट होतं, अजून न फोडलेलं. एरवी थोडंसंच फुगलेलं ते आता टम्म झालं होतं. पाकिटातली हवा पूर्वीइतकीच होती, पण बाहेरून तिला दाबून धरणारी हवा कमी झाली होती.

“जीझस,” मॅडम पुटपुटल्या आणि पाना घेऊन भिंतीकडे धावल्या.

दाबमापकांचं झाकण उघडल्यावर सगळं समजलं. यंत्रं दोन होती, पण त्यांना हवा पोहोचवणारी नळी एकच होती. चंद्रावरची पिठासारखी बारीक धूळ ओल धरून तिच्या तोंडाशी लिंपल्यासारखी बसली होती. नळीत कोंडलेली जुनी हवा दोन्ही यंत्रं इमानेइतबारे मोजत होती. मॅडमनी तारेने ती धूळ खरवडली. पडद्यावरचा सत्तरचा आकडा एकदम कोसळला आणि त्रेपन्नवर आला. पाठोपाठ भोंगे किंचाळायला लागले.

“वायुदाब त्रेपन्न टक्के,” नाना म्हणाला. “सर्व काही ठीक नाही.”

“आता बोलतोय शहाणा!” मॅडम म्हणाल्या. “नाना, राखीव हवा सोड. गळती कुठे आहे?”

“माहीत नाही. ती झपाट्याने वाढत आहे. राखीव हवा गळतीइतक्याच वेगाने जात आहे. ती चाळीस मिनिटं पुरेल.”

पाच वाजायला आले होते. आम्हा तिघांसाठी अंतराळपोशाख होते. पण सहा वाजता येणाऱ्या सहाजणांसाठी आत श्वास घेण्याजोगी हवाच उरली नसती. सहाजणांत माझी आई होती.

भोंग्यांनी जागे झालेले आजोबा भिंतीला धरत आले. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून त्यांनी चार मोठे श्वास घेतले, आणि माझे नेहमीचे आजोबा परत आले.

“शलाके, केटल लाव! वाफ हवीये. हवा जिकडे पळत असेल, तिकडे वाफेची रेघ वाकेल.”

पाणी त्र्याऐंशीला उकळलं. ती लांब चोच आता कामाला आली. तिच्यातून वाफेची एकच बारीक, स्पष्ट रेघ निघत होती. केटल हातात धरून मी निघाले, मागे मॅडम ठिगळाचे पत्रे आणि डिंकाची नळी घेऊन. झोपायच्या खोलीत रेघ सरळ. प्रयोगशाळेत सरळ. पाणी निवत होतं, वाफ विरळ होत होती. स्वयंपाकघरात परत येऊन पुन्हा उकळलं, पुन्हा धावले. भाजीघराच्या दारात रेघ किंचित कलली.

“आत!” मॅडम म्हणाल्या.

मेथीच्या वाफ्यांवरून मी केटल हळूहळू पुढे नेली. खिडकीजवळ आल्यावर वाफ आडवी झाली आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात शिरून दिसेनाशी झाली. तिथला रबर करंगळीएवढा फाटला होता.

मॅडमनी पत्र्याला डिंक फासून तो भेगेवर ठेवला. मला वाटलं, आता खूप जोर लावून धरावा लागणार. पण पत्रा आपणहून भिंतीला घट्ट चिकटला. आत हवा होती, बाहेर काहीच नव्हतं, त्यामुळे आमच्याच हवेने ते ठिगळ दाबून धरलं. मी केटल पुन्हा जवळ नेली. वाफ वाकडी न होता सरळ वर गेली.

मी खाली बसून मोठमोठ्याने रडले. मॅडम पाठीवर हात फिरवत राहिल्या.

नंतरचा पाऊण तास आम्ही केटलपाशीच घालवला. पडद्यावर आकडे होते, पण त्यांच्यावर आता कोणाचाच विश्वास उरला नव्हता. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. सहाला पाच कमी असताना बाहेर गाडी लागल्याचा धक्का जाणवला. आई दारातून आत आली आणि म्हणाली, “काय गं, सगळे असे केटलभोवती का बसलात?” मी तिला इतकी घट्ट मिठी मारली, की ती पुढचं काही विचारू शकली नाही.

त्या महिन्यात पृथ्वीवरून नवीन तळाचे आराखडे आले. तिथे चाळीस कुटुंबं राहायला येणार, म्हणजे माझ्याएवढी बरीच मुलं असणार. दाबमापकांना आता दोन वेगळ्या नळ्या होत्या. मॅडमनी स्वयंपाकघराच्या सामानाचं पान माझ्यापुढे सरकवलं. “हे तू भर.”

मी लिहिलं: प्रत्येक घरात तापमान दाखवणारी, लांब चोचीची केटल. झाकणाचं भांडं, गाळणी, मापाचा चमचा. केटल जमिनीपासून एक मीटर उंचीवर ठेवावी, म्हणजे मुलांना आकडा दिसेल.

आजोबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘मुलांनी आकडा सांगितला, तर मोठ्यांनी आधी हवा तपासावी. पावडर नंतर.’ आणि त्याखाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली.